बाळंतिणीची झोप : एक अभ्यास

"झालाय," मॅडम म्हणाल्या आणि कागद परत केला.

असे किती कागद परत आले, हे मोजायचं धाकटीने सोडून दिलं होतं. स्तनपान झालं होतं, रक्तक्षय झाला होता, आणि गरोदरपणातला आहार इतक्यांदा झाला होता की त्या एका विषयाच्या वजनाने कपाटाचा कप्पा वाकला होता. नर्सिंग कॉलेजात प्रसूती परिचर्या शिकवणाऱ्या या मॅडमचा नियम साधा होता : पूर्वी कोणी केलेला विषय प्रकल्पासाठी पुन्हा घ्यायचा नाही. पहिल्या तुकडीला हा नियम फारच सोपा गेला असणार. धाकटीच्या वाट्याला जे त्रास उरले होते, ते बहुतेक बायकांना होतच नव्हते.

"सोमवारी पाचपर्यंत माझी सही हवी. सही नाही तर प्रकल्प नाही, प्रकल्प नाही तर परीक्षा नाही. मुदत म्हणजे मुदत," असं म्हणून मॅडमनी रुमालाआड जांभई दिली. जांभई मोठी होती आणि रुमाल लहान.

मॅडम अलीकडे फार जांभया देत. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि घरात नातू होता. नातवामुळे मॅडम जरा मऊ होतील अशी वर्गाची आशा होती, पण तिच्यावर पाणी पडलं. प्रात्यक्षिकाच्या खोलीत त्या अजूनही रबरी बाहुली उचलून म्हणत, "समजा, हे खरं बाळ आहे." मग एकेकीच्या हातात बाहुली देत, आणि मान नीट धरली नाही की म्हणत, "पडलं तुझं बाळ. पुढची." धाकटीचं बाळ या वर्षात बऱ्याचदा पडलं होतं.

ती घरी आली तेव्हा बैठकीची खोली भरलेली होती. वहिनीला बाळ होऊन थोडेच दिवस झाले होते आणि बाळ बघायला माणसं येत होती. येणारा प्रत्येक जण वहिनीला बजावत होता, "बाळ झोपलं की आपणही झोपून घ्यायचं हं. ही झोप पुन्हा मिळत नाही." एवढं सांगून तो तिच्या पलंगावर बसत होता. आत्या तर सकाळपासून हेच सांगत बसली होती.

आत्या चहा आणायला आत गेल्यावर धाकटीने संधी साधली. "वहिनी, तुला सध्या काय त्रास होतो गं?"

"मला? मला झोपायचंय."

"तसं नाही. वैद्यकीय असं काही?"

"हो. झोपायचंय," वहिनी म्हणाली. तिचे डोळे उघडे होते, पण ते उघडे ठेवण्यात तिचा काही हात नव्हता.

धाकटीने तो विषय कागदावर लिहून दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे ठेवला : बाळंतिणीची झोप. मॅडमनी कपाट उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि प्रथमच 'झालाय' म्हणाल्या नाहीत. त्या कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"पण हा खरंच प्रश्न आहे का? घरात बाळंतीण आहे म्हणतेस ना? मग आधी निरीक्षण कर. नुसतं वाटतंय म्हणून मी सही करणार नाही."

झालं, धाकटी निरीक्षणाला बसली. वहिनीच्या पलंगाला खुर्ची लावून ती एकटक बघू लागली. वहिनीने डोळे मिटले की ती जरा थांबे आणि मग खात्री करून घेण्यासाठी विचारे, "झोपलीस का?"

"नाही," वहिनी म्हणे.

धाकटी तशी नोंद करी. अभ्यास शास्त्रशुद्ध व्हायला हवा होता.

आईला हे कळलं तेव्हा तिला सुनेची दया आली. तिने शेजारपाजारी सांगितलं, की दोन दिवस कोणी येऊ नका, आमच्याकडे झोपेचा अभ्यास चाललाय. अभ्यास कसा चालतो हे बघायला त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. मग आईने दादाला दारात उभं केलं. दादा शाळेत खेळ शिकवत असे आणि त्याचं कुजबुजणं मैदानाच्या पलीकडच्या गोलरक्षकाला ऐकू जात असे.

"हळू बोला!" तो प्रत्येकाला दारातच सांगत होता. "ती झोपलीये!"

"नाही झोपले," आतून वहिनीचा आवाज येत होता. त्या गलक्यात एकटं बाळ तेवढं गाढ झोपलं होतं.

रविवारी संध्याकाळी वहिनी म्हणाली, "धाकटे, तुझा प्रकल्प संपेपर्यंत मी टिकते का, तेवढं बघ."

सोमवारी सकाळी धाकटीने मॅडमना नोंदी दाखवल्या. मॅडमनी पानं उलटली. सगळीकडे 'नाही' लिहिलं होतं.

"एवढ्या दिवसांत एकदाही नाही? कसं शक्य आहे! तिला दुपारी घेऊन ये. मी स्वतः विचारते."

तेव्हा दुपारी वहिनी, बाळ, दुपटी आणि धाकटी अशी सगळी वरात कॉलेजात आली. मॅडम प्राचार्यांकडे बैठकीत होत्या. वहिनीने बाळाला पाजलं, आणि धाकटी तिला प्रात्यक्षिकाच्या खोलीत बसवून मॅडमना बघायला गेली.

ती खोली वहिनीने नीट पाहिली. दोन पलंग होते. चादरी पांढऱ्याशुभ्र आणि सुरकुती नसलेल्या. खिडक्यांना पडदे होते, दार बंद होत होतं, आणि खोलीत कोणीही नव्हतं. एका पलंगावर प्लॅस्टिकची बाई निजली होती आणि शेजारच्या पाळण्यात रबरी बाहुली होती. ती प्लॅस्टिकची बाई छताकडे बघत निवांत पडली होती, आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं. वहिनीला तिचा मनापासून हेवा वाटला. तिने त्या बाईला दोन्ही काखांत हात घालून उचललं, पडद्यामागे भिंतीला टेकवून उभं केलं, बाहुली फळीवर ठेवली आणि बाळाला पाळण्यात निजवलं. मग ती पलंगावर आडवी झाली आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली.

बैठक लांबली, त्यामुळे मॅडम पहिल्या वर्षाच्या मुलींना घेऊन थेट तासालाच आल्या. धाकटी त्यांना कॉलेजभर शोधत होती. ती धावत परत आली तेव्हा दाराच्या काचेतून तिला दिसलं, की मॅडम पाळण्यापाशी उभ्या आहेत. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"समजा," मॅडमनी रोजच्यासारखं पाळण्यात हात घालत म्हटलं, "हे खरं बाळ..."

त्या थांबल्या. बाहुली उबदार होती. शिवाय तिने जांभई दिली.

वर्गातल्या एकीने किंकाळीसाठी तोंड उघडलं. मॅडमनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते तसंच मिटलं. मग मॅडमनी बाळ, मान अगदी नीट धरून, छातीशी घेतलं आणि पलंगावरची चादर दोन बोटांनी जराशी वर केली. खाली तोंड उघडं टाकून वहिनी झोपली होती. इतकं गाढ झोपलेलं मोठं माणूस धाकटीने आपल्या घरात तरी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी चादर परत होती तशी ठेवली. "आजचा तास झाला," त्या अगदी हळू म्हणाल्या. "चपला हातात घ्या. जा."

मुली पावलं न वाजवता बाहेर पडल्या. धाकटी आत आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ही माझी वहिनी. तुम्ही विचारणार होतात..."

"काही विचारायचं नाहीये. विषय मंजूर. कागद आण, सही करते."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ती कागद आणायला वरच्या वर्गात पळाली. परत आली तेव्हा बाळ पाळण्यात झोपलं होतं. दुसऱ्या पलंगापाशी मॅडमच्या चपला शेजारी शेजारी लावलेल्या होत्या, आणि पलंगावर हातात उघडं पेन धरून मॅडम झोपल्या होत्या. रुमाल जमिनीवर पडला होता.

धाकटीने घड्याळ पाहिलं. पाचला अजून अवकाश होता. होतील जाग्या, असं म्हणून ती कागद घेऊन दाराबाहेर स्टुलावर बसली.

थोड्या वेळाने प्राचार्य आले. "मॅडम आहेत का आत?"

"प्रात्यक्षिक चालू आहे, सर."

प्राचार्यांनी कान दिला. "आवाज येत नाही काही."

"बाळंतिणीच्या विश्रांतीचं आहे, सर," धाकटी म्हणाली. प्राचार्यांनी समाधानाने मान हलवली आणि चवड्यांवर निघून गेले.

पाच वाजत आले तशी धाकटी दोनदा उठली. दोन्ही वेळा तिने कडीला हात लावला. एक हाक मारली असती तर परीक्षा वाचली असती. पण त्या हाकेने वहिनीही उठली असती, आणि इतके दिवस त्या खुर्चीत बसून 'झोपलीस का' विचारल्याची धाकटीला आता मनापासून लाज वाटत होती. आत तिघंही एका लयीत श्वास घेत होती. ती परत येऊन बसली. घड्याळात पाच वाजले आणि पाचाच्या पुढेही वाजत राहिले. परीक्षा गेली, असं तिने मनाशी मान्य केलं आणि तिला रडू आलं. ते तिने आवाज न करता उरकलं.

अंधार पडायच्या सुमारास दादा आला. "कुठे आहे ती? आई काळजी..."

धाकटीने त्याच्या तोंडावर हात दाबला. "झोपलीये. खरंच झोपलीये. तू मैदानाला फेऱ्या मार जा, मी सांगेपर्यंत."

खेळाच्या शिक्षकाला फेऱ्या मारायला सांगितलं की तो का ते विचारत नाही. दादा गेला. शिपायाने येऊन दिवे लावले.

मग कडी हलली. मॅडम बाहेर आल्या. साडी चुरगळली होती, गालावर उशीच्या शिवणीचा वळ होता आणि चेहरा मात्र लख्ख दिसत होता. त्यांनी धाकटीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या कागदाकडे.

"किती वाजले?"

घड्याळ धाकटीच्या डोक्यावरच लटकत होतं. तिने वर पाहिलं नाही. "पाचला पाच कमी आहेत, मॅडम."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या काळोखाकडे, आणि त्या काळोखात एकटाच धावणाऱ्या माणसाकडे.

"बरं झालं वेळेत जाग आली," त्या म्हणाल्या आणि सही केली. "मुदत म्हणजे मुदत."

कागद तिच्या हातात देऊन त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. "बाळंतीण अजून झोपलीये. निरीक्षण चालू ठेव. बाहेरूनच."