पाइन हॉलोतली जहाजं

वेंडल प्रुइटच्या खिडकीतून आत गेलेला कागद आजवर चूक निघाली म्हणून कधी परत आला नाही आणि यापुढेही येणार नाही! हे मी म्हणत नाही, वेंडल म्हणतो. रोज म्हणतो. पाइन हॉलोच्या कोर्टात दावे दाखल करून घ्यायला खिडकी एकच आणि तिच्यामागे हा एकटाच, त्यामुळे ऐकून घेतल्याशिवाय गावात कुणाला घटस्फोटसुद्धा मिळत नाही.

तर त्या शरद ऋतूत राजधानीतून एक पत्र आलं. जज्ज ऑस्ट्रँडरबाईंनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"वेंडल, आपलं कोर्ट बंद करायचं म्हणतात."

"का हो बाई? काय केलं आपण?"

"काहीच केलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. आपल्याकडे कामच नाही म्हणे. वर्षअखेरपर्यंत आकडे सुधारले नाहीत तर कोर्ट ग्रेंजरला हलवणार."

वेंडलच्या तोंडचं पाणी पळालं. ग्रेंजर खिंडीपलीकडे. हिवाळ्यात बर्फ पडला की खिंड बंद, म्हणजे पोर बापाकडे राहणार की आईकडे हे ठरायला वसंताची वाट बघायची! शिवाय ग्रेंजरच्या कोर्टात खिडक्या सहा, त्यातली सहावी तळघरात. ती कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"काम नाही कसं?" दाराशी बसलेली बेलिफ रोझेन क्विग उसळली. "सकाळपासून मी तीन भांडणं सोडवली. त्यातलं एक तर पार्किंगमध्येच!"

"काम आहे गं, पण दिसत नाही," बाई म्हणाल्या. दावा दाखल करताना वर एक कागद लावायचा असतो. त्याला आम्ही नुसतं 'कव्हर' म्हणतो. त्यावर दाव्यांच्या प्रकारांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. आपला दावा ज्या प्रकारचा, त्या चौकोनात खूण करायची. मग मशीन ती खूण वाचतं आणि राजधानीत पाठवतं. कुठल्या प्रकाराला जज्जाचा किती वेळ लागतो याचं वजन तिथे ठरलेलं. त्या वजनावर कोर्ट जगायचं की मरायचं ते ठरतं. आता एवढी यादी वाचतो कोण? आमची माणसं सरळ शेवटच्या चौकोनावर यायची. तिथे लिहिलेलं होतं 'इतर'. घटस्फोट? इतर. मृत्युपत्र? इतर. आणि 'इतर'चं वजन पिसाएवढं!

वेंडलने छाती पुढे काढली. "बाई, हे माझ्यावर सोडा. कव्हर कसं भरायचं हे या गावाला कुणी दाखवलंच नाही. मी दाखवतो!"

त्याने खरंच मन लावून काम केलं हो. एक कोरं कव्हर घेतलं, ठेवणीतल्या शाईने सुवाच्य अक्षरात भरलं, फ्रेममध्ये घातलं आणि खिडकीशेजारी ठोकलं. फक्त खूण कशावर करायची याचा त्याने दोन दिवस विचार केला.

"घटस्फोटावर केली तर काय होईल सांग," तो रोझेनला म्हणाला. "सगळं गाव बघून घटस्फोटावरच खूण करेल! माणसाचा स्वभाव आहे तो."

"मग?"

"म्हणून मी अशी खूण केलीय, जिचा या गावाशी सात जन्मांत संबंध येणार नाही. 'जहाजांची टक्कर व सागरी अपघात'! आता बोल!"

रोझेनने खिडकीबाहेर पाहिलं. चहूबाजूंनी डोंगर, आणि समुद्र इथून निघून दोन दिवस गाडी हाकली तर दिसला तर दिसला.

"डोकं आहे हां तुला," ती म्हणाली. तिलाही ते पटलं, ही त्यातली वाईट गोष्ट.

वेंडल तिथेच थांबला असता तर ही गोष्ट मला सांगावी लागली नसती. पण शिस्त म्हणजे शिस्त! त्याने फ्रेमखाली मोठ्या अक्षरात पाटी लावली: 'नमुन्याप्रमाणे न भरलेला कागद परत केला जाईल.'

दुसऱ्या दिवशी होलिस बीबी आला. होलिस म्हणजे गावातला जुना वकील, वेंडलच्याच वर्गातला. लडलो नवरा-बायकोचा घटस्फोट घेऊन आला होता. त्याने घटस्फोटावर खूण केली, मग पाटी वाचली, मग नमुना पाहिला. डोकं खाजवलं. जुनं कव्हर फाडलं, नवं घेतलं आणि नमुन्यात होतं तस्संच भरून दिलं.

वेंडलने कव्हर हातभर लांब धरलं. खूण चौकोनाबाहेर गेलेली नाही, समास सुटलेला, शाईचा डाग नाही. खूण कशावर आहे ते बघायचं काम मशीनचं, तो बघायचा ती नीट आहे की नाही.

"शाब्बास होलिस! अगदी भिंतीवरच्यासारखं!"

"लेका, तीस वर्षं वकिली करतोय. वाचता येतं मला," होलिस फुशारला, आणि वेंडलने दणकन शिक्का मारला.

त्यानंतर जो आला तो तसाच भरून गेला. भाडं थकलेले, कुंपणावरून भांडलेले, आजीच्या चांदीच्या चमच्यांसाठी सख्ख्या बहिणीला कोर्टात खेचणारे, सगळे! एकाही कव्हरवर डाग नाही. वेंडल घरी जाताना शीळ घालायला लागला.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी राजधानीतून दुसरं पत्र आलं. बाईंनी ते उभ्यानेच मोठ्याने वाचलं. 'आपल्या न्यायालयावरील कामाचा भार राज्यात सर्वाधिक असल्याचे आढळले आहे. न्यायालय बंद करण्याचा विचार स्थगित करण्यात येत आहे. आपल्याकडील विशेष दावे निकाली काढण्यासाठी त्या विषयातील तज्ज्ञ, निवृत्त न्यायाधीश थॅडियस ब्रॅनिगन यांना मदतीला पाठवत आहोत.'

रोझेनने वेंडलला मिठी मारली. दुपारी ती घरी भाजलेला भोपळ्याचा गोड 'पाय' घेऊन आली, त्यातला मोठा तुकडा वेंडलला. बाईंनीही सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

"पण विशेष दावे म्हणजे कसले रे?" पाय खाता खाता रोझेनने विचारलं.

"अगं, आपल्याकडचं सगळंच विशेष," वेंडल म्हणाला.

सोमवारी भर बर्फात जज्ज ब्रॅनिगन उतरले. पांढरी दाढी, निळा डगला, पितळी बटणं, गळ्यात दुर्बीण! मागून हमाल जाडजूड पुस्तकांची खोकी आणत होता. आयुष्यभर बंदरावरच्या कोर्टात बसलेला माणूस, निवृत्त झाल्यावर घरी करमत नव्हतं बिचाऱ्याला.

"बंदर कुठल्या बाजूला?" त्यांनी उत्साहाने विचारलं.

"बंदर?" वेंडल म्हणाला.

"बरं, नदी तरी? अहो, एका तिमाहीत इतक्या जहाजांच्या टकरी! एवढ्या तर आमच्या अख्ख्या किनाऱ्यावर होत नाहीत. मी बायकोला म्हटलं, हे पाणी बघायलाच हवं!"

वेंडलने हळूच मान वळवून भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. मग मशीनकडे. मग पुन्हा फ्रेमकडे.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं की नाही? पण बाई समोर उभ्या, रोझेन समोर उभी, आणि त्या पायची चव अजून जिभेवर. तो म्हणून गेला, "साहेब, आत्ता सगळं गोठलंय."

"मग जहाजं कुठायत?"

"ती पण गोठलीत."

बाईंनी वेंडलकडे असं पाहिलं की तो दोन इंच आखूड झाला. ब्रॅनिगन मात्र दुर्बीण लावून खिडकीशी गेले. समोर होलिसच्या अंगणात त्याची मासे पकडायची होडी पालथी पडलेली, वर हातभर बर्फ.

"हीच का ती?" त्यांनी विचारलं. मग खुर्चीत बसून पहिलीच फाइल उघडली. "लडलो विरुद्ध लडलो. कुणाचं जहाज कुणावर आदळलं?"

"साहेब, ती... तिचा आरोप आहे की तो रोज संध्याकाळी बारमधून येऊन सोफ्यावर आदळतो."

"हं." दुसरी फाइल. "टर्लिंग्टन भगिनी. नुकसान काय? चमचे? जहाजावरचे?"

"आजीचे."

रोझेनने फ्रेमकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मग वेंडलचा धीर सुटला. त्याने सगळं सांगून टाकलं, नमुना, पाटी, त्याची दोन दिवसांची हुशारी. "बाई, मी कोर्ट वाचवायला गेलो हो! आता माझ्यामुळे जाणार ते!"

"जाणारच," बाई कठोरपणे म्हणाल्या. "आणि खोटे आकडे दिले म्हणून नाक कापून जाणार. आजच कळवायला हवं."

ब्रॅनिगन मात्र फाइली चाळतच होते. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा पडलेला होता. समुद्र नाही हे त्यांना खरंच लागलं होतं. पण मनाने मोठा माणूस. "कळवायचंच," ते म्हणाले, "पण नुसतं चुकलं म्हणून नको, खरं काय तेही कळवू. मला कोट टांगायला जागा दाखवा."

मग ते, बाई, वेंडल आणि रोझेन, चौघं सगळे दावे घेऊन बसले. एकेक वाचायचा, खरी खूण करायची. होलिसला बोलावून घेतलं. तो आल्या आल्या वेंडलवर खेकसला, "मी बरोबर भरलं होतं रे पहिल्यांदा! तुझी पाटी वाचून फाडलं!" पण तोही बसला. खाली घटस्फोटांचा गठ्ठा झाला, चमच्यांचा झाला, आणि हळूहळू एक तिसराच गठ्ठा छताकडे निघाला. पाटाच्या पाण्याचे दावे! वरच्या रानवाल्याने पाट अडवला, खालच्याने रातोरात फोडला, आजोबांच्या वेळची पाळी कुणाची, याचे तीस-तीस साक्षीदारांचे दावे. एकेक चार-चार वर्षं चाललेला! बाई मान वाकडी करकरून ते ऐकत आल्या होत्या आणि इतकी वर्षं राजधानीला ते 'इतर' म्हणून जात होते.

"या प्रकाराचं वजन बघा," ब्रॅनिगन म्हणाले. बाईंनी तक्ता पाहिला आणि मटकन खाली बसल्या. जहाजांच्या खालोखाल वजन पाटाच्या पाण्याला होतं.

"म्हणजे कोर्ट राहतं?" रोझेनने विचारलं.

"राहतं! आणि मी पाण्यासाठी आलो होतो, ते मिळालं म्हणायचं," ब्रॅनिगन हसले. उरलेला पाय त्यांनी संपवला.

दुरुस्त आकडे माफीनाम्यासकट गेले. राजधानीने कान उपटले, पण कोर्ट ठेवलं. बाईंनी वेंडलला आधी फैलावर घेतलं आणि मग तीन आठवडे रजा दिली. "बहिणीकडे ॲरिझोनाला जा. ऊन खा. आणि जाण्याआधी तो नमुना बदल."

वेंडलने बदलला. या वेळी त्याने अजिबात हुशारी केली नाही. कशावरही खूण करायची म्हणजे धोका, म्हणून फ्रेममध्ये स्वच्छ कोरं कव्हर घातलं आणि निर्धास्त मनाने गेला. त्याच्या जागी राजधानीहून युनिस प्लँक नावाच्या बाई बदली आल्या. फार नियमाच्या बाई. भिंतीवर लिहिलेलं सगळं पाळणाऱ्या.

वेंडल परतला तो नाक उन्हाने सोललेलं घेऊन. टेबलावर राजधानीचं पत्र होतं आणि पलीकडे ऑस्ट्रँडरबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

'गेल्या तीन आठवड्यांत आपल्या न्यायालयात कोणत्याही प्रकारचा एकही दावा दाखल झाला नसल्याचे दिसते. नागरिकांचे अभिनंदन! न्यायालयाची आवश्यकता आहे काय, ते उलटटपाली कळवावे.'

वेंडलने भिंतीकडे पाहिलं. कोरी फ्रेम, आणि तिच्याखाली त्याचीच पाटी, काढायची राहिलेली. शेजारी युनिसबाईंनी घेतलेल्या कव्हरांचा गठ्ठा, बर्फासारखा पांढराशुभ्र. सर्वांत वर होलिस बीबीचं, त्याने तर नावही घातलं नव्हतं.

"काही बोलायचंय?" बाईंनी विचारलं.

वेंडलने सोललेलं नाक खाजवलं.

"बाई, पण एक बघा... एकही कागद परत आलेला नाही!"