टापटीपरावांची साफसफाई

टापटीपराव घरासाठी कर्ज मागायला निघाले, म्हणजे आधी साफसफाई आलीच. टापटीपराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, चष्म्याच्या दुकानातल्या सोबत्यांनी ठेवलेलं. गिऱ्हाईक चष्मा चढवून आरशात बघत असतानाच हा गृहस्थ फडकं घेऊन त्याच्या काचा पुसायला धावायचा. राहती जागा घरमालकाला मुलासाठी परत हवी होती. नशिबाने दोन खोल्यांचं एक घर मनासारखं सापडलं होतं. बायको लोकांचे कपडे शिवायची, आणि तिथल्या खिडकीशी तिच्या शिलाई मशीनपुरता छान उजेड यायचा. विकणाऱ्या बाई महिनाअखेरपर्यंत थांबणार होत्या, पुढे नाही.

"कर्ज मागायला कसं, कोऱ्या पाटीने जावं," ते बायकोला म्हणाले. "जुनी खाती, जुनी कार्डं, सगळा पसारा बंद! तुझंही ते कार्ड बंद करून टाक."

"बघते," बायको म्हणाली. या बाईने आजवर एखादी पिशवी, बाटलीचं झाकण किंवा सुटं बटण फेकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

पहिल्या नोकरीतलं खातं बंद करायला टापटीपराव बँकेत गेले, तर खिडकीमागचा कारकून मान हलवू लागला.

"काका, ही सही तुमची नाही."

"माझी नाही तर काय शेजाऱ्याची?"

कारकुनाने नोंदीतली सही दाखवली. तिच्या शेवटी भलामोठा फराटा होता, वर दोन टिंबं आणि खाली नागमोडी रेघ.

"लग्नाआधीची आहे," टापटीपराव ओशाळून म्हणाले. "तेव्हा वेळ असायचा."

"मग तशीच करून आणा."

झालं! टापटीपराव दिवसरात्र ती सही गिरवू लागले. दुकानाच्या काउंटरवर, वर्तमानपत्राच्या समासात, शेवटी जेवणाच्या ताटातसुद्धा.

"अहो, बोटाने काय गिरवताय ताटात?"

"तारुण्य," ते म्हणाले.

अखेर फराटा जमला आणि खातं बंद झालं. त्याच उत्साहात त्यांनी आपलं सर्वांत जुनं क्रेडिट कार्डही बंद करून टाकलं आणि कात्रीने त्याचे अगदी सारखे तुकडे केले. मग भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून ते कर्ज विभागातल्या अधिकारी बाईंसमोर जाऊन बसले.

"इथे सही करा."

सवयीने हात फर्रकन फिरला. फराटा, टिंबं, नागमोडी रेघ!

"ओळखपत्रावर तर वेगळीच सही आहे," बाई म्हणाल्या.

टापटीपरावांनी पुन्हा पेन टेकवलं. या खेपेला जे उमटलं ते ना धड तरुण होतं, ना धड म्हातारं. बाईंनी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर कुठे हात ठिकाणावर आला.

पण खरी पंचाईत पुढेच होती. संगणकाकडे बघता बघता बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुमचं सर्वांत जुनं कार्ड आत्ताच बंद झालं?"

"मी स्वतः केलं!" टापटीपराव छाती काढून म्हणाले.

"अहो, तुम्ही वेळेवर पैसे फेडता याची तीच तर एक साक्ष होती! आम्हाला कोरा माणूस नको असतो हो, फेडणारा हवा असतो. तुमचा क्रेडिट स्कोअर घसरलाय. आत्ता मंजुरी कठीण आहे, वर्षभराने या."

घरी येऊन ते बूटसुद्धा न काढता बसून राहिले. असं पूर्वी कधीच झालं नव्हतं, त्यामुळे बायको घाबरली.

"घालवलं मी तुझं खिडकीचं घर," ते म्हणाले. "माझीच अक्कल, दुसरं काय!"

बायको आत गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली. बटणांत हात खुपसून तिने तळातून एक कार्ड बाहेर काढलं.

"रागावणार नसाल तर सांगते. मी हे बंदच केलं नाही. चांगली वस्तू टाकवेना. दोरे, अस्तरं यावरच घेते, आणि बिल आलं की त्याच दिवशी भरून टाकते. पहिल्यापासून."

टापटीपरावांनी ते कार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी निरखलं आणि शर्टाला पुसून तिला परत दिलं.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाईंनी तिची नोंद पाहिली आणि त्या खुलल्या. "हे तर सोनं आहे! दोघांची कमाई धरू. पण अर्जावर पहिलं नाव तुमच्या पत्नीचं आणि मागून तुमचं. चालेल ना?"

"चालेल की," टापटीपराव म्हणाले. "घरातही तसंच आहे."

महिना संपायच्या आत घर झालं. मशीन खिडकीशी लागलं. सामान लावता लावता बायकोला एक गंजकी किल्ली सापडली. कुठल्या कुलपाची होती, देव जाणे.

"नवं घर आहे," ती उदारपणे म्हणाली. "ही टाकून देऊ का?"

"खबरदार!" टापटीपराव स्टुलावरून ओरडले. तिच्या डब्यांसाठी ते भिंतीला फळी ठोकत होते. "आण इकडे, पुसून ठेवतो."