शाजियाबाईंचं 'इतर' काम

शाजियाबाईंनी तक्ता खरा भरला आणि तिथंच फसल्या. चंद्रपुरातल्या एका सरकारी दवाखान्याचं ग्रंथालय त्या सांभाळत. वरून फर्मान आलं, प्रत्येकानं दर पंधरा मिनिटांनी काय केलं ते तक्त्यात लिहायचं. ग्रंथालयाचं काम निम्म्याहून कमी भरलं, तर खोलीत औषधांची खोकी आणि बाईंची बदली लांब जंगलात, मुलचेऱ्याला.

पहिल्या आठवड्याची बेरीज निघाली. ग्रंथालयाचं काम पाच तास, 'इतर' तेहेतीस. डॉक्टर घाईत काय बोलले, ते पेशंटच्या माणसांना पुस्तकातली चित्रं दाखवून समजावणं म्हणजे हे इतर. पुस्तक कुणी घरी नेलं नाही, म्हणून बाईंनी ते इमानदारीत वेगळं धरलं. अधीक्षक धनराज साहेबांनी एका आठवड्याची मुदत दिली.

बाईंना बारा वर्षं जपलेली खोली सोडवेना. सोमवारी त्यांनी दारावर कागद चिकटवला, 'फक्त पुस्तके. माहिती साहेबांकडे.' मग त्या कपाटं पुसत आणि जुन्या नोंदी उतरवत बसल्या. लक्ष मात्र सगळं दाराकडे.

आरमोरीकडची गोकुळाबाई थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. तिचा नवरा डोमा तलावात मासे धरायचा, सध्या मुतखड्यानं भरती होता.

"मासोळी चालते का जी यायले? आमच्या घरी दुसरं शिजतच नाई."

साहेबांनी उत्तर दिलं. मग पोटात खडा येतो कुठून, हे तिला समजून हवं झालं. साहेबांनी फायलीच्या पाठीवर मूत्रपिंड काढलं, ते वांग्यासारखं आलं. गुरुवारपर्यंत रांग जिन्यापर्यंत पोचली आणि साहेबांचा डबा तसाच घरी जाऊ लागला.

शुक्रवारी बाई आपला तक्ता घेऊन गेल्या. टेबलावर साहेबांच्या तक्त्याची प्रत होती. रागाच्या भरात त्यांनी लिहिलं होतं, 'ग्रंथालयाचे काम : एकवीस तास.'

"साहेब, हे तुम्हीच लिहिलं?"

"मग काय लिहू? हप्ताभर तुमचंच काम करून राह्यलो न मी."

"मंग माहे मांगचे तेहेतीस तास कोणत्या रकान्यात जातीन?"

साहेबांचा मूळ तक्ता सकाळीच वर गेला होता, आता फिरवता येत नव्हता. त्यांनी बाईंच्या जुन्या तक्त्यातलं 'इतर' खोडून 'ग्रंथालय' लिहिलं, सही केली आणि दारावरचा कागद स्वतः फाडला. रांग मुकाट्यानं ग्रंथालयाकडे वळली. बाईंना इतकं बरं वाटलं की डोळे पुसायला त्यांना कपाटाआड जावं लागलं.

महिन्याभरानं वरून पत्र आलं. ग्रंथालय चालू ठेवावे. कामाचा व्याप पाहता श्री. धनराज यांना सहायक ग्रंथपाल धरण्यात येत असून त्यांच्या हजेरीवर शाजियाबाईंनी रोज सही करावी.