कोऱ्या ओळीखालची भिंत

बारा वाजेपर्यंत भिंतीची जाडी कळवायची होती आणि संगणक म्हणत होता, भिंतच नाही!

भिंत इस्पितळातल्या किरणोपचाराच्या खोलीची. पलीकडे दिवसभर नर्स बसणार. खोलीची एकेक बाजू एकेका ओळीत लिहून यादी करायची, संगणकात किरणांचे लाखो खोटे कण सोडायचे आणि त्यातले किती भिंत ओलांडतात ते मोजायचं, हे काम धाकट्या संशोधिकेचं. तिकडे काँक्रीटच्या गाड्या भरून उभ्या होत्या, ठेकेदाराचा चौथा फोन येऊन गेला होता.

"काल तर मुकाट चालत होतं हे!" ती रडकुंडीला आली. तिने भिंतीची ओळ यादीच्या तळाशी पुन्हा लिहिली. तरी भिंत नाहीच.

"सरक," शेजारचा सहकारी म्हणाला. हा स्वतःला दीड शहाणा समजे. ज्या ओळींबद्दल संगणकाची तक्रार होती, त्या ओळीच त्याने संगणकाला वाचता येऊ नयेत अशा झाकून टाकल्या. तक्रार थांबली, पण आता कण वाट चुकून हरवायला लागले. दहावा हरवला तसे संगणकाने हात टेकले. आगीतून फुफाट्यात!

साहेब डोकावले. त्यांचा टापटिपीचा सोस जगजाहीर. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावत. "सकाळी मीच फाइल जरा मोकळीढाकळी केली. काय ती गिचमिड! आता कशी छान दिसते, नाही?"

तेवढ्यात ग्रंथालयातल्या काकू मुदत उलटलेलं पुस्तक मागायला आल्या. तरुणपणी त्यांनी ह्याच प्रोग्रॅमसाठी हजारो कार्डांना भोकं पाडली होती. पडद्याकडे एक नजर टाकून त्या म्हणाल्या, "अगं, मध्येच हे कोरं कार्ड कुणी घातलं?"

"कार्ड?"

"ही रिकामी ओळ गं! आमच्या वेळी एक ओळ म्हणजे एक कार्ड. कोरं आलं की यंत्र समजायचं, यादी संपली. मेल्याची खोड अजून गेली नाही. तुझी भिंत बघ, त्याच्या खाली राहिलीय."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. पोरीने झाकलेल्या ओळी उघडल्या, तळची जादा ओळ पुसली, कोरी ओळ मिटवली. कण सुटले, एकही हरवला नाही. पावणेबाराला जाडी कळवून तिने काकूंना घट्ट मिठी मारली. काय बाई ती नजर! दोन पदवीधरांना तीन तासांत जे दिसलं नाही, ते उभ्या उभ्या दिसलं.

संध्याकाळी साहेबांनी काकूंना स्वतः आभाराचं पत्र आणून दिलं. पोरीने खांद्यावरून वाचलं: 'आपल्यासारखी जाणकार व्यक्ती या संस्थेत दुसरी नाही.' मग एक कोरी ओळ. मग: 'तथापि ग्रंथालयातली कपाटं अत्यंत अव्यवस्थित असून...'

काकूंनी पहिलं वाक्य दोनदा वाचलं आणि पत्राची घडी घातली.

"अहो, खाली अजून आहे," साहेब म्हणाले.

"असेल हो," काकू म्हणाल्या, "पण मध्ये कोरी ओळ आलीय ना. मी तिथेच थांबते."