नानांच्या दावणीच्या चार पिकअप

आमच्या शेजारचे उत्तमनाना दर वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी चार मोडक्या पिकअप गाड्यांना जेवायला बोलावत. यात माझ्या पदरचं काही नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण करतात, म्हणजे कोमट पाण्यानं खांदे धुऊन लोणी-हळद चोळतात. नाना तसंच गाड्यांच्या मडगार्डांना लोणी-हळद चोळत, आणि बैलांना म्हणतात तेच म्हणत, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

मी एक्क्याऐंशी साली मास्तर म्हणून परतूरला बदलून आलो आणि नानांच्या घराला लागून असलेलं घर भाड्यानं घेतलं. मधे छातीएवढी भिंत. तेव्हा नाना खेड्यापाड्यांतून परतूरच्या बाजारात कापूस आणायचे, पिकअप शिगोशीग भरून, वरून दोरखंड आवळून. गाडी म्हातारी झाली की दुसरी घ्यायचे, पण म्हातारी विकायचे नाहीत. ती घरामागच्या लिंबाखाली उभी राहायची. असं करता करता लिंबाखाली चौघी जमल्या. ढवळी, तांबडी, मोरी आणि चांदी. चांदी खरं तर हिरवीगार होती. मी एकदा तसं म्हणालो, तर नाना म्हणाले, "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, हे मानसालाच चालतंय व्हय?"

नानांचे वडील मेंढरं राखायचे. नानांनी धंदा बदलला, भाषा बदलली नाही. डिझेलला ते वैरण म्हणत. गाडी बंद पडली असं कधी म्हणाले नाहीत. "बसली" म्हणत, आणि बसलेल्या जनावराला शिव्या द्यायच्या नसतात म्हणून ढकलणाऱ्यांनाही तोंड उघडू देत नसत. रोज दिवेलागणीला लिंबाखाली जाऊन बोटानं मोजत, "एक, दोन, तीन, चार. बराबर हाय." चाकांत हवा नाही, इंजिनात जीव नाही, त्या जाणार कुठे होत्या? पण नानांची एक संध्याकाळ चुकली नाही. मी हे सगळं शाळेत मधल्या सुट्टीत रंगवून सांगायचो. चांगला हशा मिळायचा.

पुढे नानांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या. प्रकाश, त्यांचा एकुलता एक मुलगा, नोकरीसाठी पुण्याला गेला. नानांनी धंदा बंद केला. पोळ्याचं आवतण तेवढं चालू राहिलं, उलट दर वर्षी आवाज चढतच गेला. काकू होत्या तेव्हा नाना ते गाडीच्या कानात सांगितल्यासारखं पुटपुटायचे. आता आमच्या स्वयंपाकघरात भांडी वाजायची बाकी राहायची. मी बायकोला म्हणालो, "नानांचे कान गेले."

मग एका वर्षी उन्हाळ्यात माझ्या घरी प्रकाशचा फोन आला. "सर, बाबांना समजवा. इकडे चला म्हटलं की म्हणतात, जनावरं सोडून कसा येऊ? ते भंगार एकदाचं विकायला लावा. तुमचं ऐकतात ते." आपलं कुणी ऐकतं म्हटलं की मास्तर हुरळणारच. मी कामाला लागलो.

जालन्याहून एक भंगारवाला आणला. नानांनी त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला आणि पोरीला स्थळ आल्यासारखी चौकशी सुरू केली.

"न्हेता कुठं ह्यांना?"

"भट्टीत. वितळवून सळया करतात."

"बिलकुल सगळ्या?"

"सगळ्या."

नानांनी त्याच्या कपात उरलेला चहा ओतला. "घ्या. अन् जल्दी निघा, पॅसेंजर चुकंल."

दुसरी वाट रफिक मिस्त्रीची. तो दोन तास बॉनेटांमध्ये वाकून राहिला आणि हात पुसत म्हणाला, "नाना, तिघींचे पार्ट काढले तर एक चालू व्हईल. चारी न्हाई होत."

"तीन मारून एक जगवू व्हय रे?"

"मंग इका."

"इकून मी काय करू?"

रफिकनं माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाकडे पाहिलं.

त्यानंतर महिना-दोन महिने नाना सकाळी विकायचं म्हणत आणि संध्याकाळी मोजून आले की दुरुस्तीचं. शेवटी प्रकाशनं फोनवर निर्वाणीचं सांगितलं की दिवाळीला मी न्यायला येतोय, त्याच्या आत निकाल लावा. नाना माझ्याकडे आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "बोलवा भट्टीवाल्याला. दिवस तुमीच धरा. मला न्हाई धरवत."

दिवस मी धरला, आणि तिथं माझी अक्कल दिसली. पोळ्याची सुट्टी होती आणि आदल्या दिवशी दुपारनंतर मला तास नव्हता, म्हणून मी आदल्या दिवशीची दुपार ठरवली. पोळ्याच्या तोंडावर कुणी दावणीचं जनावर सोडत नाही, हे वीस वर्षं त्या गावात काढूनही मला सुचलं नाही.

भंगारवाला ट्रक आणि चार माणसं घेऊन आला, तेव्हा नाना लोण्याची वाटी घेऊन तांबडीचं मडगार्ड चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही. "न्ह्या," म्हणाले. "एवढी एक राह्यलीय. चोळून होऊ द्या."

त्या चौघांतला एक वयस्कर गडी केदारखेड्याचा होता. त्यानं वाटी पाहिली, हळद पाहिली आणि पायातल्या चपला काढल्या. "शेठ, आज हात लावायचा न्हाई. खांदेमळण हाय."

"अरे, लोखंड आहे ते!"

"असू द्या. हळद लागलीय."

बाकीचे तिघंही मागे सरले. शेठनं माझ्याकडे असं पाहिलं, की वर्गाबाहेर उभं केलेल्या पोराला कसं वाटत असेल ते मला नोकरीत पहिल्यांदा कळलं. ट्रक रिकामाच गेला.

संध्याकाळी मी माफी मागायला भिंतीपलीकडे गेलो. नानांनी बोटानं चौघी मोजल्या, बराबर हाय म्हणाले, आणि मग वळून भिंतीकडे तोंड केलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

गाड्या त्यांच्या पाठीमागे होत्या. समोर भिंत, आणि भिंतीपलीकडे फक्त माझं घर.

"नाना," मी म्हणालो, "गाड्या तर मागे आहेत."

"ठाव हाय की." ते खाटेवर टेकले. "गाड्या जेवतेत व्हय, सर? बॉनेटवर ठेवलेल्या पोळ्या कुत्रे खातेत. ही गेली तवापासून मी जोरात म्हणून राह्यलो. म्हणलं, पल्याड कुणाला तरी ऐकू जाईल. दारात येऊन बोलवायचं धाडस न्हाई झालं. तुमी शिकलेले लोक, माझ्या हातच्या जाड पोळ्या तुमाला कशा वाढू?" त्यांनी लोण्याची वाटी मांडीवर घेतली. "आता गाड्याच गेल्या तर नुसतंच कसं वरडू, सांगा बरं? लोक येडं म्हणतील."

मला काय वाटलं ते सरळच सांगतो. लाज वाटली. इतकी वर्षं ते आवतण ऐकून मी हसलो होतो, चारचौघांना हसवलं होतं, आणि ते माझ्याच घराला होतं. एवढ्या वर्षांत आमच्या घरात दर पोळ्याला पुरण शिजलं, पण भिंतीपलीकडचा माणूस कुणाबरोबर जेवतो, हा प्रश्न मला पडला नव्हता.

"तीन जाऊ द्या," नाना म्हणाले. "सण झाल्यावर. ढवळी रफिककडून चालू करून घेऊ, तुमच्या पोरींना बाजाराला न्यायला व्हईल." मग लोण्याची वाटी बोटानं निपटत, खाली बघत म्हणाले, "पुण्याचं दिवाळीला बघू. उद्या येता का, तेवढं सांगा."

तेवढ्यात भिंतीपलीकडून माझी बायको ओरडली, "येतो हो, नाना! पुरण इकडनं आणते, तुम्ही आमटीचं बघा!"

दुसऱ्या दिवशी मी, बायको आणि आमच्या दोन्ही मुली नानांच्या ओसरीवर पंगतीला बसलो. प्रकाशला रजा मिळाली नव्हती. त्याचं ताट नानांनी मांडलं होतं, ते फोन आल्यावर उचलून ठेवलं. पोळ्या खरंच जाड होत्या. धाकटीनं तीन खाल्ल्या. वाढून झालं तरी नाना बसेनात. हातात तुपाची वाटी घेऊन उभे राहिले आणि आमच्यावरून बोट फिरवत, काकू असताना आवतण द्यायचे तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले, "एक, दोन, तीन, चार. बराबर हाय."