गुंडाचा नांगर आणि चिंतामणरावांचं आरमार

"ज्या माणसानं चार वर्सं समुद्र पालथा घातला, त्याला आमची कृष्णा म्हंजी घरातलं न्हानीघर," असं लालासाहेब इनामदार चारचौघांत म्हणाले, तेव्हा चिंतामणराव बशीतल्या चहाकडे बघत होते. बशीत जेवढा चहा होता, साधारण तेवढ्याच पाण्याशी त्यांची आजवर ओळख होती. पण हे सांगायचं कुणाला, आणि आता कुठल्या तोंडानं?

लढाईच्या दिवसांत चिंतामणराव सांगली सोडून आरमारात गेले, हे खरं. तिथं चार वर्षं काढली, हेही खरं. फक्त ती चार वर्षं त्यांनी मुंबईत, आरमाराच्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, टाइपरायटरसमोर काढली होती. प्रत्यक्ष समुद्रावर ते एकदाच गेले. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला. रेवस दिसायच्या आतच त्यांनी सकाळचा चहा आणि आदल्या रात्रीची आमटी समुद्राला अर्पण केली होती.

सगळा घोळ एका पत्रानं झाला. "आम्ही परवा निघणार," असं त्यांनी घरी लिहिलं. निघणार होते ते जुन्या खोलीतून नव्या खोलीत. बायकोनं, गोदावरीबाईंनी, ते जहाजावर निघणार असं वाचलं आणि उलट टपाली कळवलं, की तुमचं धाडस ऐकून शेजारच्या बायका थक्क झाल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती. चिंतामणरावांच्या कुठल्याही कृतीनं कुणी थक्क झाल्याची ही पहिलीच वेळ. तो आनंद त्यांना मोडवेना. मग एडन झालं, बसरा झालं, दोन वादळं झाली. जहाजाचं नाव सेन्सॉर लिहू देत नाही, हे एक बरं होतं.

लढाई संपली, नोकरी संपली, आणि चिंतामणराव विश्रामबागेतल्या घरी परत आले ते अगदी थकून. एकदा खोटं बोलायला काही लागत नाही हो. पण कुठल्या महिन्यात आपण एडनला होतो आणि वादळ त्याच्या आधी की नंतर, हे चार वर्षं लक्षात ठेवायचं म्हणजे बिनपगारी दुसरी नोकरी. त्यांना आता एवढंच हवं होतं, की हा विषय कुणी काढू नये आणि बायकोच्या डोळ्यांतला तो थक्कपणा जाऊ नये.

नेमकं तेव्हाच लालासाहेबांनी मुंबईला जाऊन, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची शिडाची होडी घेतली. होडी रेल्वेनं आली, स्टेशनवरून दोन बैलगाड्यांवर आडवी पडून घाटावर आली, आणि तिला लालासाहेबांनी आपल्या पत्नीचं नाव दिलं, लीला. लीलाबाईंनी मात्र तिच्यात पाय ठेवायचं साफ नाकारलं. "माझं नाव बुडू द्या, मी बुडायची न्हाई," असं त्या म्हणाल्या. तेव्हा त्यांच्याऐवजी गोदावरीबाईंना मानाचं बोलावणं आलं.

"रविवारी तुमी मला शिकवायचं," लालासाहेब म्हणाले. "काय काय सामान लागंल ते लिवून द्या."

चिंतामणरावांनी कॉलेजच्या एका प्रोफेसरांकडून होडी हाकण्याचं इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि पाच दिवस डोळे लाल होईस्तोवर वाचलं. वाचून एवढंच समजलं, की होडीत प्रत्येक दोरीला वेगळं नाव आहे आणि प्रत्येक नावाचा दुसऱ्या पानावर वेगळा अर्थ आहे. शेवटी त्यांनी एका चिठोऱ्यावर लिहून दिलं: दोन वल्ही. पाणी उपसायला बादली. नांगर एक, भक्कम, लांब दोरासकट, होडीच्या पुढच्या अंगाला बांधावा.

रविवारी सकाळी ते गोदावरीबाईंना घेऊन घाटावर गेले. होडीच्या पुढच्या अंगाला नांगर होता. भक्कम होता. लोखंडी होता, दोन बैलांचा होता, आणि त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं. शेजारी मोटेच्या जाड नाड्याचं वेटोळं घेऊन लालासाहेबांचा वाटेकरी गुंडा बसला होता.

"हे काय?" चिंतामणरावांनी विचारलं.

"नांगर," गुंडा म्हणाला. "धनी म्हनले, होडीला बांध. बांधला. पर रावसाहेब, योक सांगा, नदी नांगरून प्येरनार काय तुमी?"

"अरे, नांगर म्हणजे हा नव्हे."

"मग दुसरा कंचा? घरात ल्हान बांडी नांगर हाय, पर त्यो लाकडाचा, तरंगंल."

खरा नांगर कसा असतो ते चिंतामणरावांनाच नीट ठाऊक नव्हतं. हा शब्द त्यांनी इंग्रजीतून निदान हजार वेळा टाइप केला असेल, पण वस्तू जवळून पाहिली नव्हती. तेवढ्यात लालासाहेब नवा फेटा बांधून आले आणि म्हणाले, "नांगर ह्योच नव्हं? का काय चुकलं?" गोदावरीबाई शेजारीच उभ्या होत्या. चिंतामणरावांना एकदम आठवलं, की पुस्तकात एका पानावर खरोखरच फाळासारख्या एका नांगराचं चित्र होतं.

"विलायतेत हल्ली अशाच घाटाचा नांगर निघालाय," ते म्हणाले. "अगदी नवीन आहे."

"बघ गुंडा," लालासाहेब म्हणाले, "तुज्याकडं अगूदरच हाय."

वल्ही मात्र नव्हती. शीड असताना हातानं होडी वल्हवली तर लोक हसतील, म्हणून लालासाहेबांनी ती यादीतून खोडली होती. चिंतामणरावांना वाद घालायचं त्राण नव्हतं. काठावरून चार माणसांनी होडी लोटली, गुंडानं शीड ओढलं आणि वारा भरला. घाटावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. गोदावरीबाई पदर सावरून मध्ये बसल्या आणि नवऱ्याकडे अशा बघू लागल्या, की चिंतामणरावांनी घाईघाईनं शिडाकडे तोंड फिरवलं.

सुकाणू लालासाहेबांच्या हातात होतं. होडी त्यांची, शिकणार ते.

"जरा उजवीकडे घ्यायची," चिंतामणराव म्हणाले. "म्हणजे दांडा डावीकडे दाबा."

"उजवीकडं जायाचं तर डावीकडं दाबायचं? ही कसली रीत?"

"इंग्रजांची आहे."

"म्हनूनच चालले ते आता देश सोडून," असं म्हणून लालासाहेबांनी दांडा उजवीकडे दाबला.

होडी गर्रकन फिरली. शिडाखालची आडवी काठी या बाजूची त्या बाजूला आली आणि वाटेत लालासाहेबांचा फेटा घेऊन गेली. फेटा पाण्यात पडून पुढं निघाला आणि त्याच्या मागोमाग, त्याच वेगानं, होडी. पुढं पूल होता. पुलाचा दगडी खांब मघाशी करंगळीएवढा दिसत होता, तो बघता बघता देवळाएवढा झाला.

"चिंतामणराव, थांबवा हिला," लालासाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात इनामदारी राहिली नव्हती.

पुस्तकातली चारशे पानं चिंतामणरावांच्या डोक्यातून एका दमात निघून गेली. राहिला एक शब्द.

"गुंडा, नांगर टाक!"

"हितं? पान्यात?"

"अरे टाक!"

गुंडानं एकदा नदीकडे पाहिलं, एकदा धन्याकडे पाहिलं, नांगराच्या पाया पडला आणि तो ढकलून दिला. नाडा सरसरत गेला, ताणला, होडीला असा हिसका बसला की गोदावरीबाई लालासाहेबांच्या फराळाच्या डब्यावर बसल्या. आणि होडी थांबली. खांब दोन हातांवर होता. त्यावरचं शेवाळ दिसत होतं.

पुलावरून आणि घाटावरून एकच आरडाओरडा झाला. लालासाहेब कपाळ पुसत म्हणाले, "याला म्हनत्यात आरमार." गोदावरीबाई नुसत्या थक्क झाल्या.

चिंतामणरावांना वाटलं, सुटलो. आता नांगर वर घ्यायचा, खांबाला हात लावत लावत काठ गाठायचा आणि जन्मात पुन्हा पाण्याकडे बघायचं नाही. पण नांगर येईना. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे दोर ओढत होडी थेट नांगराच्या डोक्यावर नेली आणि तिघांनी जोर लावला. होडीचं तोंड खाली गेलं, नांगर जागचा हलला नाही. शेवटी गुंडानं बुडी मारली आणि वर येऊन अभिमानानं सांगितलं, "कपारीत गेलाय फाळ. माजा नांगर हाय त्यो, धरलं तर सोडत न्हाई."

"दोर कापू या," चिंतामणराव म्हणाले.

"आवं, उद्या उसाचं रान नांगरायचं हाय. हातानं उकरू व्हय?"

शिवाय दोर कापला तर समोर खांब होताच. काठावरून एका नावाड्यानं हाक मारून विचारलं, नाव आणू का? लालासाहेबांनी मान हलवली. "इनामदार आपल्या होडीतनं गेला आन् भाड्याच्या नावंतनं आला, आसं सांगलीनं बोलायचं न्हाई. गुंडा, नाड्याचं मोकळं टोक घिऊन काठाला पोहत जा आन् चार बैलजोड्या आन. नांगर होडीसकट काठाला वढू."

गुंडा गेला. बैल रानात होते, म्हणजे दोन-तीन तास कुठं गेले नाहीत. लालासाहेबांनी चेपलेला डबा उघडला, चार दशम्या खाल्ल्या आणि उतरवलेलं शीड अंगावर ओढून ते घोरू लागले. ऊन चढलं. पुलावरची माणसंही कंटाळून जेवायला गेली.

"अहो," गोदावरीबाई हळूच म्हणाल्या, "त्या एडनच्या वादळात असंच झालं होतं का? तेव्हाही तुम्हीच नांगर टाकलात?"

चिंतामणरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांना भीती वाटत होती, की हिला कळलं तर काय होईल. आता भीतीसुद्धा दमली होती. आणखी एक वादळ रचायचं म्हणजे आधीच्या दोन्ही वादळांशी ते जुळवायला हवं, आणि तेवढी ताकद त्यांच्यात नव्हती.

"वादळ नव्हतं," ते म्हणाले. "एडन नव्हतं. जहाजच नव्हतं. मी टायपिस्ट होतो गं, मुंबईत. चारही वर्षं."

चिंतामणराव मान खाली घालून वाट बघत राहिले. त्या हसतील, रडतील, भित्रा म्हणतील, सगळ्याची त्यांनी तयारी केली होती. म्हटलं तर छातीवरची धोंड उतरल्यासारखं त्यांना वाटायलाही लागलं होतं.

"मुंबईत म्हणजे, गिरगावात?"

"ठाकुरद्वारला खोली होती."

"तिथून रात्री गाडीत बसलं की माणूस दुसऱ्या दिवशी जेवायला घरी येतो."

"हो."

"आणि रजा मिळायची?"

"मिळायची," चिंतामणराव म्हणाले आणि म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं, की आपण तयारी केली होती ती भलत्याच परीक्षेची. "पण मी जहाजावर आहे असं लिहून बसलो होतो ना. एकदम घरी कसा येणार? मग रजेत नुसता खोलीवर पडून राहायचो. खरंच सांगतो, नाटकालासुद्धा गेलो नाही."

"टायपिस्ट होतात त्याचं काही नाही हो," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं चिंतामणरावांना जास्त धडकी भरली. "तुमच्यासाठी मी सोमवार धरले, शनिवार धरले. एडनचा गुरुवार वेगळा. चार दिवाळ्यांना अभ्यंगाचं तेल गरम करून बाजूला ठेवलं, न जाणो जहाज बंदराला लागेल म्हणून. आणि तुम्ही ठाकुरद्वारला पडून होतात."

चिंतामणरावांनी एकदा काठाकडे पाहिलं. पोहता येत नव्हतं. त्यांनी हळूच नाडा ओढून पाहिला. नांगर अगदी घट्ट होता.

तेवढ्यात काठावर धूळ उडाली आणि गुंडाची हाक आली, "बाईसाब, बैलं आली! वढू का?"

चिंतामणरावांना इतका आनंद बसऱ्याहून परत आल्यावरसुद्धा झाला नसता. ते अर्धवट उठले. गोदावरीबाईंनी त्यांना हातानंच बसवलं, पदर खोचला आणि काठाकडे तोंड करून सांगितलं, "गुंडा, बैल लांबून आलेत. आधी त्यांना पाणी दाखव, वैरण घाल, मग सावकाश ओढ. आम्हाला काही घाई नाही."

मग त्या नवऱ्याकडे वळून नीट मांडी घालून बसल्या.

"हं. पहिल्या दिवाळीपासून सांगा."