बालीचा सूर्यास्त, दुपारी पावणेचार

विश्राम खोपकर गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता बालीला निघाले आणि त्याच दिवशी दुपारी अडीच वाजता ठाकुर्लीला परत आले. मधल्या वेळात त्यांनी विमान पाहिलं, पण काचेतून.

चौतीस वर्षं खोपकर एका सरकारी कार्यालयात अर्ज तपासायला होते. निवृत्त झाल्यावर ते सोसायटीचे सचिव झाले आणि अर्ज तपासू लागले. त्यांच्या हातून अर्ज पहिल्या फेरीत पुढे गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा" असा लाल शेरा ते मारत आणि खाली सही करत. बालीला निघण्यापूर्वी त्यांनी पत्नीचा, विनिताबाईंचा पासपोर्ट भिंग घेऊन तपासला होता. स्वतःचा तपासला नव्हता. तो त्यांच्याच कपाटात होता, म्हणजे बरोबरच असणार.

"सर, तुमच्या पासपोर्टची मुदत पाच महिने चोवीस दिवस राहिलीये," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "सहा महिने लागतात."

"सहा दिवसांचाच प्रश्न आहे."

"हो सर."

हे "हो सर" खोपकरांना ओळखीचं वाटलं. ते स्वतः असंच म्हणत. त्यानंतर समोरच्या माणसाने बोलण्यात अर्थ नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"मॅडमचा ठीक आहे," मुलगी म्हणाली. "मॅडम जाऊ शकतात."

विनिताबाई लगेच "नाही" म्हणाल्या नाहीत. चांगलं दीड मिनिट त्या बॅगेच्या पट्ट्याकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "चला."

परतीच्या टॅक्सीत खोपकरांना बालीचं दुःख नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर सोसायटीचं गेट होतं. सकाळी तिथे वीस माणसं निरोपाला जमली होती. नोटीस बोर्डावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : 'सचिव परदेशी असल्याने मंगळवारपर्यंत कोणतेही अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.' आणि आता सचिव स्वतःच त्रुटीसह परत आले होते. हे कळलं, तर ज्यांचे ज्यांचे अर्ज परत गेले होते ते सगळे, म्हणजे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस फ्लॅट, त्यांना लिफ्टमध्ये गाठून हवामान विचारणार होते.

"मंगळवारपर्यंत आपण बालीत आहोत," खोपकर म्हणाले.

"आणि राहायचं कुठे?"

"घरी."

उर्वीलाही कळवायचं नाही, असं ठरलं. मुलगी पुण्यात, पण तिची एक मैत्रीण 'बी' विंगमध्ये.

टॅक्सी कोपऱ्यावर अर्धा तास थांबवून, सोसायटी दुपारचं जेवून झोपली आणि वॉचमनही झोपला तेव्हा दोघं जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढले. लिफ्ट आवाज करते. घरात शिरल्यावर खोपकरांनी जाळीच्या दारातून हात बाहेर काढला, बाहेरची कडी लावली आणि तिला कुलूप घातलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला घर बंद दिसायला हवं. या कामात त्यांचं मनगट सोललं. पडदे आधीच ओढलेले होते. दिवा लावायचा नाही, कुकर लावायचा नाही, फ्लश शेजारच्यांनी केला की त्यात आपला उरकायचा, असे नियम त्यांनी हळू आवाजात सांगितले.

दूध बंद केलेलं, फ्रिज पुसून उघडा ठेवलेला. बालीला न्यायचे ठेपले, चिवडा, मेतकूट आणि गरम पाणी घालून खायचे बारा उपमे तेवढे होते. दोघं बालीत जे खाणार होते तेच खात होते. शुक्रवार तसाच गेला. खोपकर अंधारात बसून पासपोर्टवरच्या तारखेत काही पळवाट दिसते का ते पाहत होते. विनिताबाई बोलत नव्हत्या. खोपकरांना वाटलं, आवाज नको म्हणून बोलत नसाव्यात.

शनिवारी सकाळी साडेसहाला विनिताबाईंचा फोन थरथरला. उर्वीने आईच्या साठाव्या वाढदिवसाला बालीतली एक दिवसाची टूर भेट दिली होती. खास दोघांसाठी गाडी, खास दोघांसाठी गाइड. ती रद्द करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"गुड मॉर्निंग मॅडम. मी वायन. हॉटेलच्या लॉबीत उभा आहे," पलीकडून सावकाश इंग्रजीत आवाज आला. "तुम्ही तयार आहात?"

विनिताबाईंनी दीड दिवसात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि त्या परक्या माणसाला सगळं खरं सांगून टाकलं. पासपोर्ट, सहा दिवस, कुलूप, उपमा, सगळं. खोपकर हातवारे करत राहिले.

वायनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, मला प्रत्येक ठिकाणाहून कंपनीला फोटो पाठवावा लागतो. टूर झाली नाही, तर कारण लिहायचा फॉर्म आहे. त्यात तुमच्यासारखं कारणच नाही."

"मग?"

"मग टूर करू या. तुम्ही बसा. मी दाखवतो."

"काहीतरीच काय," खोपकर कुजबुजले. पण फॉर्मची अडचण त्यांना पटली होती.

विनिताबाई आत गेल्या आणि बालीसाठी घेतलेला फुलाफुलांचा कुर्ता आणि रुंद काठाची टोपी घालून बाहेर आल्या. फोन त्यांनी टीपॉयवर डब्याला टेकवून उभा केला. पलीकडे वायनने आपला फोन गाडीत पुढच्या काचेला लावला. अशा रीतीने खोपकर दांपत्य सोफ्यावर बसून बाली फिरायला निघालं. खोपकर बनियनवर होते. उकडत होतं, आणि पंखा एकवर.

पहिलं ठिकाण म्हणजे डोंगरउतारावरची भातखाचरं. वायन फोन हातात धरून बांधावरून चालू लागला.

"याला पैसे देऊन लोक बघायला येतात?" खोपकर म्हणाले. "खडवलीला तुझ्या माहेरी हेच आहे. तिकीट नाही."

"खडवलीला तरी कुठे नेलंत दहा वर्षांत," विनिताबाई म्हणाल्या. त्यांची नजर स्क्रीनवरून हलली नाही. "वायन, त्या माणसाला विचारा, आवणी कधी केली."

वायनने विचारलं. चिखलात उभा असलेला म्हातारा फोनजवळ आला. मग विनिताबाई हाताने रोपं किती अंतरावर लावायची ते दाखवू लागल्या, म्हातारा मान हलवून स्वतःचं अंतर दाखवू लागला. वायनला दुभाषाचं काम उरलं नाही. दहा मिनिटं दोघांचं असं चाललं. खोपकरांनी लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा पाहिलं, की बायकोला भातातलं इतकं कळतं.

धबधबा झाला. वायनने कुठेशी जेवताना फोन ताटासमोर ठेवला, तेव्हा यांनीही उपमा काढला. दीड वाजता, बालीत चार वाजले असताना, ते देवळात पोचले. आणि तेवढ्यात दारात किल्लीचा आवाज आला.

विनिताबाईंनी कपाळाला हात लावला. समोरच्या संचिताला त्यांनीच किल्ली दिली होती, एक दिवसाआड कुंड्यांना पाणी घालायला.

फोन उचलून दोघं बाथरूममध्ये शिरले. खोपकर उलट्या बादलीवर बसले, विनिताबाई टोपीसकट वॉशिंग मशीनला टेकून उभ्या राहिल्या. फोनचा आवाज बंद केला होता. पडद्यावर बायका डोक्यावर फळांच्या उतरंडी घेऊन पायऱ्या चढत होत्या. बाहेर संचिता कुणाशी तरी बोलत होती.

"नाही गं, खोपकर काकांकडे आलेय, झाडांना पाणी घालायला. काय शांत वाटतंय माहितीये? दोन दिवस नोटीस नाही, काही नाही. अगं, माझा पार्किंगचा अर्ज तीनदा परत. पहिल्यांदा तारीख नाही. दुसऱ्यांदा तारीख चुकीच्या कोपऱ्यात. तिसऱ्यांदा म्हणे फोटोची बॅकग्राउंड पांढरी नाही. स्कूटरचा फोटो आहे यार, तिला काय स्टुडिओत नेऊ?"

नळ सुरू झाला. भांड्याचा आवाज झाला. नळ बंद झाला.

"मला काकूंचं वाईट वाटतं पण. पस्तीस वर्षं त्यापण अर्जच करत असतील."

मग जाळीचं दार ओढल्याचा आणि कुलूप लागल्याचा आवाज आला.

खोपकर बादलीवरून उठले नाहीत. विनिताबाईंकडे पाहावं असं त्यांना वाटलं, पण त्या फोनमधल्या देवीला नमस्कार करत होत्या. नमस्कार लांबला. मग त्या एकट्याच बाहेर गेल्या. टीपॉयवर सकाळचे कोऱ्या चहाचे दोन कप राहिले होते. ते आता तिथे नव्हते. ओट्यावर विसळून, पालथे घातलेले होते. विनिताबाईंनी ते पुसले, मांडणीत ठेवले आणि सोफ्यावर येऊन बसल्या. नवऱ्याला त्यांनी काही सांगितलं नाही.

शेवटचं ठिकाण समुद्रकिनारा होतं. बालीत सव्वासहा झाले होते, ठाकुर्लीत पावणेचार. पडद्याच्या फटीतून भर उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली होती आणि वर कुणीतरी भिंतीला ड्रिल मारत होतं. वायन फोन धरून नुसता उभा होता. वाऱ्याने त्याचा हात हलत होता, त्याच्याबरोबर समुद्रही. सूर्य पाण्याला टेकला.

"मी जाणार होते," विनिताबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"गुरुवारी. ती मुलगी म्हणाली ना, मॅडम जाऊ शकतात. मी जाणारच होते. मग आठवलं, तुम्हाला शेगडीचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते माहीत नाही."

खोपकरांनी यावर विचार केला. उजवीकडे, असं त्यांना वाटत होतं. पण खात्री नव्हती, म्हणून ते बोलले नाहीत. सूर्य बुडाला. वायनने हात जोडले, कंपनीसाठी समुद्राचा एक फोटो काढला आणि टूरला किती तारे देणार ते विचारलं. विनिताबाईंनी पाच दिले. तेव्हा कुठे फोन बंद झाला.

सोसायटीचा ग्रुप दोन दिवस खोपकरांच्या फोटोंची वाट पाहत होता. 'सचिव, बाली दाखवा', 'आम्हाला विसरलात वाटतं', असं बरंच आलं होतं. बाथरूममध्ये ऐकलेलं खोपकरांच्या कानात अजून होतं. स्कूटरच्या बॅकग्राउंडवर हसणाऱ्यांना एकदा बॅकग्राउंड काय असते ते दाखवावं, असं त्यांनी ठरवलं. सूर्यास्ताच्या वेळी विनिताबाईंनी फोनच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. तो खोपकरांनी आपल्या फोनवर घेतला. सूर्य मधोमध आहे, क्षितिज सरळ आहे, हे तपासलं. खाली लिहिलं, 'बाली. सूर्यास्त. शब्द अपुरे.' आणि ग्रुपवर टाकला.

पहिल्या मिनिटात चार अंगठे आले. 'बी' विंगच्या सर्वेशने 'स्वर्ग' असं लिहिलं. मग अंगठे थांबले. ड्रिलही थांबलं. पाच मिनिटं ग्रुपवर काहीच आलं नाही. अठ्ठेचाळीस फ्लॅटचा ग्रुप इतका वेळ गप्प राहिल्याचं खोपकरांच्या कारकिर्दीत घडलं नव्हतं.

"भारावलेत," खोपकर म्हणाले.

मग संचिताचा मेसेज आला.

'अर्ज परत. त्रुटी : फोटोच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लहान चौकोन आहे. त्यात अर्जदार बनियनवर व अर्जदाराची पत्नी टोपी घालून ठाकुर्ली येथील सोफ्यावर बसलेले दिसतात. मागील घड्याळात पावणेचार वाजले आहेत. बॅकग्राउंड पांढरी नाही. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा. ता. क. : काकू, दोन दिवस उपमाच खाताय, कचऱ्याच्या डब्यात पाकिटं दिसली. रात्रीची भाजी टाकतेय. दोघांची धरू का?'

खोपकरांनी फोटो मोठा केला. चौकोन होता. त्यांनी सूर्य तपासला होता, क्षितिज तपासलं होतं. कोपरा तपासला नव्हता. कोपऱ्यात ते स्वतः होते.

विनिताबाईंनी त्यांच्या खांद्यावरून मेसेज वाचला. मग त्यांनी किल्ली घेतली, जाळीतून हात बाहेर घातला आणि मनगट न सोलता कुलूप काढलं.

"दोघांची सांगते," त्या म्हणाल्या. "आणि मी तिकडेच थोडा वेळ बसते." टोपी काढायची त्यांना आठवण राहिली नाही, किंवा राहिली असेल. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ दोघींच्या हसण्याचा. ते हसणं बराच वेळ चाललं होतं.

खोपकर अंधारात बसून राहिले. सवयीने त्यांनी लाल पेन काढलं आणि शेरा पुन्हा पहिल्यापासून वाचला. तारीख आणि वेळ फोननेच टाकली होती, कारणं क्रमाने होती, ता. क. योग्य जागी होतं. तीनदा वाचूनही त्यात काढण्यासारखं काही सापडलं नाही. चौतीस वर्षांत त्यांच्यासमोर आलेला हा पहिलाच निर्दोष कागद होता.